भाकरी ऐकणारे मिस्त्री

जव्हारच्या एसटी डेपोत एखादी गाडी रुसली की आधी तिला शिव्या मिळायच्या, मग धक्का मिळायचा आणि शेवटी कोणीतरी म्हणायचं, "मिस्त्रींना बोलवा." शिवराम मिस्त्री यायचे ते हातात लांब दांड्याचा पेचकस घेऊन. पेचकसाचं टोक ते चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. भोवती ड्रायव्हर, कंडक्टर, खोळंबलेले प्रवासी, कोणाच्या तरी पिशवीतून डोकं काढून ओरडणारी कोंबडी, आणि या सगळ्यात हा माणूस देवळात उभा असल्यासारखा. मिनिटभराने डोळे उघडून म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरात गडबड हाय." खोलून बघावं तर खरंच तिसऱ्यातच असायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी डेपोतून त्यांना बोलावणं येत असे.

गंमत अशी, की त्या उजव्या कानाने मिस्त्रींना काहीही ऐकू येत नव्हतं.

हे मला कळायला आठवडा लागला. मी मूळची खोडाळ्याची, शेतकऱ्याच्या घरातली, शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून जव्हारला आले आणि डेपोमागच्या उतारावर मिस्त्रींच्या भिंतीला भिंत लावून भाड्याने राहिले. रोज सकाळी शाळेला निघताना मी त्यांना "येते हं" म्हणायची आणि ते ढिम्म. मनात म्हटलं, माणूस गर्विष्ठ दिसतो. शेवटी त्यांची बायको, चांगुणामावशी, आतूनच ओरडली, "बाई, डाव्या अंगाने बोला! उजवा कान डेपोने खाल्ला." मी डावीकडून जाऊन पुन्हा म्हटलं, तर मिस्त्री तोंडभर हसले. मग पेचकस त्याच कानामागे का लावता, असं विचारलं. म्हणाले, "कान गेला. हाड हाय ना."

त्यांच्या हाताला स्वस्थता माहीत नव्हती. गप्पा मारायला म्हणून माझ्याकडे यायचे आणि जाईपर्यंत दाराच्या बिजागरीला तेल, कुकरच्या मुठीला नवा स्क्रू आणि गळक्या नळाला वायसर झालेला असायचा. विचारायचे मात्र काही नाहीत. आधी वस्तूला हात लावून थोडा वेळ तसेच थांबायचे, डॉक्टर नाडी बघतात तसे. "आधी ऐकायचं, मंग खोलायचं," हे त्यांचं एक ठरलेलं वाक्य. दुसरं होतं, "घाईनं आवळलेला नट घाटात सुटतो." हे दुसरं वाक्य मी वर्गात इतक्या वेळा वापरलं, की पोरं मला पाठीमागे 'घाटातल्या बाई' म्हणू लागली.

चांगुणामावशी वावर गावाच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची. नवऱ्याशी बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की तिने घरात मीठ मागितलं तर मी माझ्या घरात डबा उघडायची. नवऱ्याचं नाव ती घेत नसे; सगळ्या गावासारखी तीही त्यांना मिस्त्रीच म्हणायची. तिच्या हातची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी पातळ, गोल आणि टम्म फुगणारी. रोज शेवटची एक भाकरी ती टोपल्यात झाकून ठेवायची. ती कोणी खायची नाही. सकाळी कोंबड्यांना घालायची. "टोपल्यात एक भाकर उरली पायजे," ती म्हणायची, "नाय तर झोप येत नाय." मला वाटायचं, असते एकेकाची खोड.

मग तिच्या पायात खिळा गेला. डाव्या अंगठ्याच्या खाली एवढीशी जखम, पण दोन महिने झाले तरी भरेना. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांचं बोलणं मिस्त्रींच्या डाव्या कानात घालायला कोणीतरी हवं म्हणून मी. रक्त तपासलं तर साखर निघाली, तीही चांगलीच वाढलेली. डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे. गोळ्या दिल्या, ड्रेसिंगचे वार ठरवले आणि म्हणाले, भात बंद, भाकरी एकदम कमी. "नाचणी चांगली असते हो मावशी, पण तुम्ही एका बैठकीला चार खाता." मग आवाज उतरवून मला म्हणाले, जखम अशीच काळी पडत गेली तर नाशिकला पाठवावं लागेल. तिथे अंगठा काढतील. अंगठ्यावर थांबेलच असं नाही.

मी हे हळू आवाजात मिस्त्रींना सांगितलं, पण मावशीचे कान शाबूत होते. बाहेर पायरीवर बसत ती मला म्हणाली, "बाय, डॉक्टरला जाऊन सांग. पाय तोड म्हणावं. भाकर तोडू नको."

मिस्त्री पायरी उतरले. तिच्या समोर उकिडवे बसले, तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले.

मावशीने दोन दिवस पथ्य पाळलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "भाजी खाल्ली, अंडी खाल्ली. पण जेवले कवा?" आणि चौथ्या दिवशी चुलीवर नागलीची भाकरी फुगली. माझ्या आईसाठी घेतलेलं साखर मोजायचं मशीन माझ्याकडे होतं. रोज सकाळी मी तिच्या बोटाला सुई टोचायची आणि आकडा बघून वाटायचं, मशीनच बिघडलं असेल. मशीन नीट होतं.

त्यांची लेक सुनीता ठाण्याला एका दवाखान्यात नर्स. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला आणि कोणाबरोबर तरी बदामाच्या पिठाचं पाकीट. व्हिडिओत एक बाई त्या पिठाची चपाती करत होती आणि तिला टॉर्टिया म्हणत होती. गहू नाही, तांदूळ नाही, त्यामुळे साखर चढत नाही, असं तिचं म्हणणं. मिस्त्रींनी तो व्हिडिओ आवाज बंद करून दहा-बारा वेळा पाहिला. मी म्हटलं, आवाज मोठा करून देऊ का? "नको. बोलण्याकडे ध्यान गेलं का हात दिसत नाय."

दुसऱ्या दिवशी ते चुलीपुढे बसले. मावशी खाटेवरून गरजली, "मिस्त्री, इंजिन नाय ते!"

"गरम होतं, वाफ धरतं, फुगतं," मिस्त्री म्हणाले. "मंग वेगळं काय हाय?"

पहिल्या दिवशी ते इंजिन सपशेल बंद पडलं. आपल्याकडे तांदळाची उकड जोर लावून मळतात, तसं त्यांनी बदामाचं पीठ दोन्ही हातांनी रगडलं. पिठाने सगळं तेल सोडलं. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे सात तुकडे झाले आणि उलटताना उरलेसुरले सांडले. मावशीने तो प्रकार चमच्याने खाल्ला आणि निकाल दिला, "ही भाकर नाय. हा भुगा." मग तिने आपली अट सांगितली, आणि ती सगळ्या उतारावर ऐकू गेली. "उचलली तर अख्खी उचलली पायजे. फुगली पायजे, पापुद्रा सुटला पायजे. तसली करून दे, मी नागली सोडते. नाय तर सोडणार नाय."

मला वाटलं, संपलं. ज्या पिठाला चिकटपणाच नाही त्याची भाकरी फुगवायची म्हणजे वाळूची भिंत बांधायची. मिस्त्रींना मात्र त्यात काम दिसलं.

पाकीट आठ दिवसांत संपलं. "बदाम आपल्या डोंगरात कुठं?" ते म्हणाले. "शेंगदाणा बाजारात बसलाच हाय." शेंगदाणे माझ्या मिक्सरमध्ये घातले तर त्यांचा लगदा झाला, इतकं तेल. मिस्त्री त्या लगद्याकडे पाहत राहिले. पुढचा आठवडा ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मागच्या पडवीतून लोखंडावर कानस घासल्याचा आवाज तेवढा यायचा.

आठवड्याने त्यांनी मला पडवीत बोलावलं. भंगारातल्या अँगलची एक भक्कम चौकट उभी होती. तिच्यात खाली पोलादी पाइपाचा वीतभर तुकडा, त्याला बारीक बारीक भोकं, आणि वर ट्रक उचलायचा जॅक. अख्खी गाडी उचलणारा जॅक शेंगदाण्यांच्या उरावर बसवला होता! सोललेल्या शेंगदाण्यांचा भरडा तीनदा उकळलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून त्यांनी पाइपात ठेवला आणि दांडा मारायला सुरुवात केली. दहा दांडे मारायचे आणि थांबायचे. "दमू दे त्याला," म्हणायचे. पाइपाच्या भोकांतून तेलाचे सोनेरी थेंब पाझरू लागले तेव्हा मी खरोखर हात जोडले. आमच्या शाळेत विज्ञानाचा तास मीच घेते. दाब म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

तेल गेल्यावर आत उरली ती घट्ट गोल चकती. ती उन्हात वाळवायची, फोडायची, दळायची, चाळायची. पीठ पडलं ते मऊ, मोकळं. ते चिकटावं म्हणून मिस्त्रींनी व्हिडिओत पाहिलेला इसबगोल औषधाच्या दुकानातून आणला. दुकानदाराने काळजीने विचारलं, "पोट साफ होत नाही का?" मिस्त्री म्हणाले, "नाय, भाकर मोडते." कढत पाण्यात हलक्या हाताने मळायचं, झाकून मुरू द्यायचं, आणि थापायचं ते तेल लावलेल्या पळसाच्या पानावर. पानासकट उलटं करून तव्यात टाकलं की भाकरी खाली, पान वर. खालची बाजू धरली की पान आपोआप सुटून येतं. पळसाच्या पानात काहीबाही भाजणं आमच्याकडे पोरासोरांनाही येतं. टॉर्टियावाल्या बाईला ते कुठून ठाऊक असणार!

आणि मग मी ते पाहिलं. मिस्त्रींनी चुलीपाशी पडलेला लांब चिमटा उचलला, त्याचं टोक तव्याच्या कडेला टेकवलं आणि दुसरं टोक उजव्या कानामागच्या हाडाला फडकं धरून लावलं. डोळे मिटले. "पाणी बोलतं," ते म्हणाले. "आधी चुरचुर करतं. मंग बारीक शिट्टी देतं. शिट्टी थांबायच्या आत उलटायची." मी वाकून कान देऊन बसले. मला जाळाच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही.

भाकरी अख्खी निघाली. फुगली नाही, पण अख्खी निघाली. मावशीने दोन्ही बाजू बघितल्या, वास घेतला, मोडली, खाल्ली. "भाकर नाय," ती म्हणाली. मिस्त्री डावा कान पुढे करून वाट बघत होते. "पण भाकरीची मावसबहीण हाय."

फुगण्याची अट तिने तूर्त उधारीवर ठेवली. तीन आठवडे ती मावसबहीण खात होती. मशीनवरचा आकडा उतरू लागला आणि जखमेची कड काळ्याची गुलाबी झाली. पण रोज एक नागलीची भाकरी करून टोपल्यात झाकणं काही चुकलं नाही. शेंगदाण्याची भाकरी तिने कधी टोपल्यात ठेवली नाही.

एका रविवारी मी सुई टोचून उठत होते, तेवढ्यात मावशी भिंतीला धरत धरत मागच्या पडवीत गेली. चकत्या तयार करण्याचं काम तोवर मिस्त्री एकटेच तिथे करत आणि ती फारसा पाय टेकत नसल्यामुळे तिकडे कधी गेली नव्हती. सुपात चकत्या वाळत होत्या. तिने एक उचलली, नाकाशी नेली आणि तिचा चेहरा एकदम वेगळाच झाला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "ही पेंड हाय."

इतक्या हळू आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मिस्त्रींना ते ऐकूच गेलं नाही. ते चूल पेटवत राहिले. मग तिने मला त्या पेंडीची गोष्ट सांगितली. लहानपणी श्रावणात त्यांच्या घरातलं धान्य संपायचं. आई एका मोठ्या घरी गोठ्याचं काम करायची. ढोरांपुढे टाकायच्या पेंडीतली थोडी ती पदरात बांधून आणायची आणि मूठभर पिठात मिसळून थापायची. "आय थापताना रडायची. आणि मी बोलायची, आये, फुगत का नाय?" चकती तिने सुपात परत ठेवली. "तवाच म्हटलं होतं, मोठी झाले का ढोराचं खाणार नाय. आन् याने मना तीन हप्ते पेंड चारली."

त्या दिवसापासून नागली पुन्हा सुरू झाली. मिस्त्री थापतील त्या भाकरीकडे ती बघायचीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलायचीच नाही, आणि तिचा आवाज नसलेलं ते घर मला शेजारून सहन होत नव्हतं. पंधरा दिवसांत जखम पुन्हा काळवंडली. डॉक्टरांनी नाशिकच्या नावाने चिठ्ठी लिहून मिस्त्रींच्या हातात ठेवली. आठ दिवस बघू, म्हणाले, मग जा.

मी मिस्त्रींवर चिडले. तिच्या आईची ती गोष्ट त्यांच्या डाव्या कानात घातली आणि चांगली ओरडले. तिला समजावून सांगा ना, ही ढोरांची पेंड नव्हे, किती स्वच्छ केलीय तुम्ही! मिस्त्री चिठ्ठीची घडी खिशात घालत म्हणाले, "बाई, आवाज कुठून येतो ते कळल्याबिगर खोलायचं नाय." चार दिवस ते तिच्या खाटेशेजारी नुसते बसून राहिले. मी मनात म्हणत होते, हा माणूस आता ऐकत बसून तिचा पाय घालवणार.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी ती लोखंडी चौकट पडवीतून ओढत अंगणात आणली आणि मावशीच्या खाटेसमोर मांडली. शेंगांची पाटी तिच्यापुढे ठेवली. ती तोंड फिरवून बसली. मिस्त्री स्वतः शेंगा फोडू लागले. अशा हळू, की बघवेना. शेवटी तिचेच हात पुढे आले. काम पुढ्यात असताना रिकामं बसणं तिला जमणारं नव्हतं. भरडा झाला, फडक्यात बांधला. मग मिस्त्रींनी जॅकचा दांडा तिच्या हातात दिला. खाटेवर बसल्या बसल्या तिने दहा दांडे मारले. थांबली. पुन्हा दहा. खाली तिचाच पितळी तांब्या होता, त्यात तेलाची धार लागली. धार संपली तसा मिस्त्रींनी तो तांब्या उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"ज्याचं तेल दुसऱ्याच्या घरी गेलं, ती पेंड," ते म्हणाले. "तुझ्या आयेला पेंड मिळाली. तेल नाय मिळालं. हे तेल बघ कुणाच्या घरात हाय."

इतकं लांब बोललेले मिस्त्री मी ना आधी ऐकले ना नंतर. मावशी तांब्यात बघत राहिली. मग तिने बोट बुडवलं, वास घेतला आणि ते तेल आपल्या धडक्या पायाच्या भेगांना चोळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"आण ते पीठ," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पण थापणार मी. तुझ्या हाताची जाड होते."

त्या दिवशीची पहिली भाकरी तिने मोडली आणि नवं धान्य खाण्याआधी आमच्याकडे काढतात तसा एक तुकडा बाजूला काढून देवापुढे ठेवला. मगच घास घेतला. शेंगदाण्याला तिने धान्यात घेतलं होतं.

पुढे तिने खाटेवर बसून थापायचं आणि मिस्त्रींनी चुलीपाशी बसून ऐकायचं, असं चालू राहिलं. आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, थांबू या. मग म्हणाले, अजून थांबू या. नाशिकची चिठ्ठी मिस्त्रींच्या खिशात घामाने विरून गेली. जखम भरायला वर्ष लागलं, पण भरली. पाचही बोटं जागेवर राहिली. गोळ्यांचा वाटा किती, ड्रेसिंगचा किती आणि भाकरीचा किती, हे डॉक्टरांनी ठरवावं. मी माझं मत मिस्त्रींना देऊन मोकळी झाले.

मग माझी मोखाड्याकडे बदली झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले, तेही शांतपणे, दुपारी पडल्या पडल्या. फोनवर मावशीचा आवाज इतका मोठा होता, की मला तो कानापासून लांब धरावा लागला. त्यामुळे बदलीच्या गावी निघतानाची सकाळ हीच माझी आणि मिस्त्रींची शेवटची भेट.

मी साखरेचं मशीन त्यांना देऊन टाकायला गेले होते. मावशी तिच्या खाटेवर, परात मांडीशी. मिस्त्री चुलीपुढे, तिच्याकडे उजवी बाजू करून. चिमटा तव्याला आणि हाडाला, डोळे मिटलेले. मी उंबऱ्यात थांबले. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे मला एव्हाना कळलं होतं. त्यांनी एकदम चिमटा काढला, भाकरी उलटली, पुन्हा उलटली, आणि तिच्या एका कडेला बारीक फुगा आला. तो सरकत सरकत मध्ये गेला आणि सगळी भाकरी टम्म वर आली. वर्षभरात हे पहिल्यांदाच होत होतं. मिस्त्री तव्यावर वाकले. नुसते बघत राहिले, आणि मीही.

"मिस्त्री," मावशी खाटेवरून म्हणाली, "टोपल्यात ठेवायला एक जास्त कर."

उजवी बाजू, त्यांना ऐकू गेलं नाही. एरवी ती तिथूनच ओरडली असती. पण तिने परात बाजूला ठेवली, खाटेवरून दोन्ही पाय खाली सोडले आणि उठली. कशालाही न धरता चार पावलं चालली, चुलीला वळसा घालून त्यांच्या डाव्या अंगाला आली आणि वाकून, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "टोपल्यात ठेवायला एक जास्त कर."

मिस्त्रींना ऐकू आलं होतं. त्यांचा हात पळसाच्या पुढच्या पानाकडे गेलाही होता, तो मला दिसला. तरी त्यांनी मान तिच्याकडे वळवली आणि म्हणाले, "काय? परत बोल."